ठसा कोणाचा, किल्ली कोणाच्या हाती?

(पनवेल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी दंगे उसळले. त्या दंग्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर अधिक होता. रोखे हिसकावून ते जाळणे हेच त्यांचे लक्षण होते. याचे कारण उघड आहे. रोख्यावर निशाणी कुणब्याची असे, पण अक्षर सावकाराचे असे. निशाणी झाल्यानंतर मजकुरात एखादे शून्य वाढले, तर ते सिद्ध करण्याचे साधन निरक्षर शेतकऱ्यापाशी नव्हते. १८७९ सालच्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्त गावनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली. याच तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे बंड त्याच वर्षीचे. दस्तावर निशाणी झाली त्या क्षणी जो मजकूर होता तोच आज आहे, हे कोणी व कसे सांगायचे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे. आज दस्त संगणकात गेला, एवढाच फरक.

संगणकातील दस्ताच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ज्या गणिती क्रियेने दिले जाते तिला हॅश म्हणतात. मराठीत तिच्या फलिताला ठसा म्हणता येईल. दस्त एका ओळीचा असो वा हजार पानांचा, त्यातून ठरलेल्या लांबीची एकच संख्या निघते. शा-२५६ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत ती ६४ चिन्हांत लिहितात. मूळ दस्तात एक स्वल्पविराम बदलला तरी सबंध ठसा पालटतो. आणि ठशावरून मूळ दस्त काढता येत नाही. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी असल्यामुळे दोन वेगळ्या दस्तांचा ठसा योगायोगाने जुळण्याची भीती व्यवहारात उरत नाही.

हे काम फक्त तज्ज्ञांचेच आहे असा समज मात्र सोडला पाहिजे. पायथन ही विनामूल्य व खुली संगणकभाषा आज महाविद्यालयांतून सर्रास शिकवली जाते. तिच्यात हॅशलिब व एचमॅक असे दोन विभाग मुळातच अंतर्भूत आहेत. फाइल उघडायची, तुकड्यातुकड्याने वाचून हॅशलिबला द्यायची आणि ठसा मागायचा, एवढे काम पाचसहा ओळींत होते. मराठी मजकुरापुरती एक दक्षता घ्यावी लागते. ठसा अक्षरांचा निघत नाही, अक्षरांच्या मागील संकेतांकांचा निघतो. 'शेतकऱ्याचा' या शब्दातील 'ऱ' एकाच संकेतांकाने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, ठसे मात्र वेगळे येतात. म्हणून मजकूर आधी एकरूप करून घ्यावा. त्याचीही सोय पायथनमध्ये आहे.

परंतु नुसत्या ठशाने भागत नाही. दस्त आणि ठसा दोन्ही एकाच कपाटात असतील, तर दस्त बदलणारा ठसाही नव्याने काढून ठेवील. यासाठी ठसा काढताना त्यात एक गुप्त किल्ली मिसळतात. १९९६ साली बेलारे, कॅनेटी व क्राव्चिक या तिघांनी त्याची पद्धत मांडली. तिलाच एचमॅक म्हणतात. किल्ली नुसती मजकुराच्या आधी जोडली की झाले, असे नवख्याला वाटते. पण शा-२५६सारख्या पद्धतीत त्यामुळे किल्ली ठाऊक नसतानाही मजकुराच्या शेवटी भर घालून नवा ठसा बनवता येतो. एचमॅकमध्ये किल्ली दोन फेऱ्यांत मिसळून ही वाट बंद केलेली आहे. ठसे ताडून पाहतानाही साध्या बरोबरीच्या चिन्हाऐवजी एचमॅक विभागातील तुलनेची खास क्रिया वापरावी, कारण साधी तुलना पहिल्या चुकीपाशी थांबते आणि लागलेल्या वेळेवरून परक्याला ठशाचा अंदाज बांधता येतो.

आपल्या कामातील एक उदाहरण घ्या. सभासदांचे भ्रमणध्वनी क्रमांक उघडे राहू नयेत म्हणून कोणी त्यांचे नुसते ठसे यादीत ठेवले, तर ते संरक्षण फसवे असते. दहा अंकी क्रमांक फार तर एक हजार कोटी; साधा संगणकही ते सर्व थोडक्या वेळात पडताळून यादी उघडी करील. किल्लीसह ठसा काढला आणि किल्ली यादीपासून दूर ठेवली, तर हा मार्ग बंद होतो.

एचमॅकचीही एक मर्यादा आहे. तपासणाऱ्यालाही तीच किल्ली लागते, म्हणून ठसा दोघांपैकी नेमका कोणी काढला हे तिसऱ्याला सिद्ध करून दाखवता येत नाही. तेथे डिजिटल स्वाक्षरी लागते. तिच्यात सही करण्याची किल्ली एकाकडे आणि पडताळण्याची सर्वांकडे असते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर उभा आहे. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ साली रक्त सांडलेल्या पनवेल-उरणच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र स्वाक्षरी उतारा अस्सल असल्याची ग्वाही देते, नोंद न्याय्य असल्याची नव्हे. कुळाचे नाव मुळातच गाळले गेले असेल, तर ती गळतीही तितकीच अस्सल ठरते.

हाच प्रश्न न्यायालयात अधिक तीव्र होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅश नोंदवणे आवश्यक झाले आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्या नमुन्यात शा-२५६च्या जोडीला एमडी-५ आणि शा-१ या पद्धतीही आहेत. एकच ठसा असलेले दोन वेगळे दस्त मुद्दाम तयार करता येतात, हे एमडी-५बाबत २००४ साली आणि शा-१बाबत २०१७ साली दाखवून दिले गेले. आधीच जप्त झालेल्या फाइलचा ठसा जुळवून ती बदलणे अजून व्यवहारात शक्य नाही, हे खरे. तरीही माणसाचे स्वातंत्र्य जेथे पणाला लागते तेथे खिळखिळे कुलूप का ठेवावे?

तळोजा मध्यवर्ती कारागृह याच पनवेल तालुक्यात आहे. एल्गार परिषद खटल्यातील अनेक आरोपी तेथे कैदेत होते. त्यांपैकी फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत मुंबईच्या रुग्णालयात निवर्तले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेचा, बचाव पक्षाच्या विनंतीवरून केलेल्या तपासणीचा अहवाल पुढे आला. रोना विल्सन यांचा संगणक बावीस महिन्यांहून अधिक काळ परक्याच्या ताब्यात होता आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून त्यात ठेवली गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन व सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा सहा वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि आरोपही निश्चित झालेले नव्हते.

अहवालाच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालयाचा आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की जुळलेला ठसा जप्तीनंतर दस्त बदलला नाही एवढेच सांगतो. जप्तीपूर्वी तो तेथे कोणी ठेवला, याविषयी तो मुका असतो. रोख्यावरील नांगराची निशाणी खरी असली म्हणून कर्ज खरे ठरत नसे, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. जप्तीच्या जागीच, पंचांसमक्ष, शा-२५६ने ठसा काढला जावा. तो पंचनाम्यात लिहून त्याची प्रत ज्याची वस्तू जप्त झाली त्याला तत्काळ मिळावी. साधनाची प्रतिकृती बचाव पक्षाला विनाविलंब द्यावी. आणि आरोपीला स्वतंत्र तज्ज्ञ परवडत नसेल तर त्याचा खर्च शासनाने सोसावा. यातील पहिली मागणी पुरी करायला पाचसहा ओळींचे काम पुरते, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे. तेव्हा प्रत्येक शाखेत निदान दोन तरुणांनी हे काम स्वतः करून पाहावे. जप्तीच्या वेळी कागदावर सही करण्यापूर्वी "ठसा कुठे आहे?" असे विचारणारा कार्यकर्ता गावात असणे, हे त्या कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे.