मय्यतीकडे बघायचं कसं
(अहमदपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला चित्रांवर बोलायला सांगितलंय. पण आज निसर्गचित्र नाही, मेलेल्या माणसाच्या चित्रावर बोलणार आहे.

मुंबईत गीव्ह पटेल नावाचे डॉक्टर होते. जन्म १९४० चा, घर पारशी. २००५ पर्यंत त्यांनी साधी जनरल प्रॅक्टिस केली. २०२३ मध्ये वारले. हेच गृहस्थ कवी, नाटककार आणि चित्रकार होते. शवविच्छेदनावर त्यांची कविता आहे. १९८४ मध्ये त्यांनी एक चिरडलेलं डोकं रंगवलं, एक बुडून मेलेली बाई रंगवली. घराच्या भिंतीवर लावायची ही चित्रं नव्हेत.

कुणी म्हणेल, असलं कशाला काढायचं? प्रश्न खरा आहे. माझी खाला बायकांच्या मय्यतीला गुस्ल देते. अंगावर चादर असते, उजव्या बाजूपासून धुतात, शेवटच्या पाण्यात कापूर. आणि तिथं जे दिसलं, व्रण, सूज, काहीही, ते बाहेर बोलायचं नाही. तीस वर्षांत तिनं आम्हाला एक अक्षर सांगितलेलं नाही. मग पटेलांनी तेच उघडं केलं, असं नाही का होत?

मला तसं वाटत नाही. तुमच्या खिशातला मोबाईल बघा. हायवेवर अपघात झाला की अँब्युलन्सच्या आधी व्हिडिओ पोचतो. आपल्याच तालुक्यातल्या एका आईला मुलगा गेल्याची खबर घरच्यांनी नाही, ग्रुपवर आलेल्या व्हिडिओनं दिली. काढणारा तिथं किती वेळ होता? वीस सेकंद. चादर टाकायलाही थांबला नाही. चिरडलेलं डोकं रंगवायचं तर त्याच्यासमोर दिवसच्या दिवस बसावं लागतं. कान कुठं आहे, ओठ कुठं सरकलेत, हे हातानं शोधावं लागतं. त्यात वेळ जातो, आणि तो वेळ मेलेल्या माणसाला दिलेला असतो. खाला पाण्यानं जे करते, ते पटेलांनी रंगानं केलं, असं मी मानते. त्या डोक्याखाली कुणाचं नाव नाही, हेही लक्षात घ्या.

(माणसाचं चित्र काढावं की नाही, यावर काही घरांत वाद होईल. होऊ द्या. व्हिडिओ फॉरवर्ड करताना तो वाद कुणी घालत नाही, एवढंच म्हणते.)

दुसरे सुधीर पटवर्धन. जन्म पुण्याचा, १९४९ चा. तिथल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. चित्रकला स्वतःच शिकले. कामाच्या वेळी हाडांच्या काळ्या-पांढऱ्या फिल्म बघायच्या आणि उरलेल्या वेळात कामगारांची, लोकलमधल्या माणसांची भरदार शरीरं रंगवायची. एक्सरेत माणसाचा धर्म, जात, कपडे काही दिसत नाही. चित्रात त्यांनी ते सगळं माणसाला परत दिलं.

आपल्याकडं, लातूर जवळ असल्यामुळं, दहावीनंतर एकच रस्ता दाखवतात: नीट. चित्रकलेची वही रद्दीत जाते. या दोघांनी दोन्ही सोडलं नाही. तुमच्यातल्या ज्यांना मेडिकलला जायचंय, त्यांच्यासमोर पहिल्याच वर्षी टेबलावर देह असेल, कुणीतरी दान केलेला. त्याला ‘बॉडी’ म्हणतील. तेव्हा जवळ पेन्सिल असू द्या.

रोंटगेननं १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा एक्सरे काढला होता. बोटाच्या हाडावर अंगठी स्पष्ट दिसते. त्याची प्रत मी आणली आहे, मागे फिरवा. कागद टेबलावर आहेत. ज्यांना थांबायचंय त्यांनी डावा हात समोर ठेवा आणि आतली हाडं कुठं असतील ते चाचपून काढायला लागा.