दुचाकीस्वाराचा संरक्षक पोशाख



वाळूज येथे 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी हे छत्रपती संभाजीनगरचे उत्पादनही झाले व नित्याचे वाहनही. पाळी सुटली की अहिल्यानगरच्या रस्त्याला दुचाकींची रीघ लागते. 2016 साली या शहरात शिरस्त्राणाची सक्ती कसोशीने राबविण्यात आली. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 चा तो आदेशच आहे. मानेखालच्या शरीराविषयी मात्र हे कलम मौन बाळगते. तेथे बहुधा असतो एक पातळ सदरा.

पडलेला स्वार रस्त्यावरून घसरत जातो. खडबडीत डांबरावर सुती कापडाच्या क्षणात चिंध्या होतात; पातळ नायलॉन तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून जखमेस चिकटते. घसरणे थांबेपर्यंत टिकून राहावे, हे संरक्षक पोशाखाचे पहिले कार्य. त्यासाठी जाड चामडे अथवा दाट विणीचे चिवट कापड लागते. कोपर, खांदे व गुडघे यांवरील गाद्या आघात सौम्य करतात. मालमोटारीशी समोरासमोर टक्कर झाली असता हाडे शाबूत राहतील, ही अपेक्षा मात्र व्यर्थ होय.

ऑस्ट्रेलियात 212 अपघातग्रस्त स्वारांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. संरक्षक पोशाख केलेल्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी प्रमाणात आली. तथापि सुमारे तीस टक्के जाकिटे व एक-चतुर्थांश हातमोजे अपघातात निकामी ठरले. नावाने संरक्षक असलेले वस्त्र कामाला संरक्षक असतेच असे नाही, हे यावरून उघड होते.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा चामडी पोशाख खुंटीवरच राहतो, आणि खुंटीवरचे चामडे कोणाचे रक्षण करणार? जाळीदार जाकीट घर्षणास तितके टिकत नाही, परंतु ते अंगावर राहते. रोज शाळेत वा पंचायतीत दुचाकीने जाणाऱ्याने तेच पत्करणे शहाणपणाचे.

खरेदीच्या वेळी जाकीट घालून, हात हँडलवर असल्यासारखे पुढे करून बाही ओढून पाहावी. कोपरावरील गादी सरकली, तर पडतानाही ती सरकणारच. शिवण एकेरी की दुहेरी, हेही पाहावे. ऊन व घामाने धागा हळूहळू कुजतो. म्हणून दर पावसाळ्यापूर्वी जाकीट उलटे करून खांद्याची व कोपराची शिवण तपासावी. भिजलेले चामडे उन्हात न टाकता सावलीत वाळवावे.