पत्ता मालकाचा की माणसाचा?

(वाघोली येथे नागरिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने रुग्णवाहिका आणि नकाशे यांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर गेल्या पावसाळ्यात याच वाघोलीत घडलेल्या एका प्रसंगात आहे. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचे कुटुंब दगडखाणीलगतच्या पत्र्याच्या खोल्यांत राहते. त्यांची भावजय रात्री घरीच बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. भाच्याने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. पलीकडून पत्ता विचारला गेला. मुलाने सांगितले, ‘वाघोली, खाणीजवळ.’ गाडी नगर रस्त्यापर्यंत वेळेवर आली. मग चालकाचा फोन आला, ‘कोठे आहात?’ ‘क्रशरपाशी.’ ‘कोणत्या क्रशरपाशी?’ या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नव्हते. अखेर तो भर पावसात बॅटरी घेऊन रस्त्यावर धावत गेला. गाडी दारी पोहोचेपर्यंत पाऊण तास उलटला होता. ती बाई वाचली. परंतु आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरे नव्हते, असे डॉक्टरांनी सांगितले.

यात चालकाचा दोष नव्हता आणि मुलाचाही नव्हता. ज्या खोलीत ती बाई राहत होती, त्या खोलीला पत्ताच नव्हता.

त्या खोलीपासून दीड किलोमीटरवर मी राहतो. माझ्या घराला इमारत आहे, मजला आहे, फाटक क्रमांक आहे. माझा नातू फोनवरून चिवडा मागवतो आणि तो दहा मिनिटांत दारात येतो. एकाच गावात चिवडा दहा मिनिटांत व रुग्णवाहिका पाऊण तासाने का पोहोचते, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न होय. बाजार गरज ओळखत नाही, तो प्रभावी मागणी ओळखतो. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचे दार शोधून काढण्यासाठी कंपन्या नकाशावर कोट्यवधी रुपये खर्च करतात. रक्तस्राव होणारी मजूर स्त्री ही ग्राहक नव्हे, म्हणून तिचे दार कोणी शोधून ठेवलेले नाही. बंदरातील दीपगृह कोणी खासगी व्यापारी सहसा बांधीत नाही, कारण त्याचा प्रकाश विकता येत नाही, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत असू. पत्ता ही तशीच सार्वजनिक वस्तू आहे आणि ती सर्वांना पुरविणे हे शासनाचे काम आहे.

शासनाने हे काम पूर्वी केलेले आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपी आणि न लागणारी अक्षरे यांतून टपाल वाट चुकत असे. वाघोलीचेच पाहा. एक वाघोली वसईकडे आहे, एक सातारा जिल्ह्यात आहे. सहा आकड्यांनी हा घोळ मिटविला. मात्र पिनकोड टपाल कचेरीपर्यंत नेतो, पुढचे काम पोस्टमनच्या ओळखीचे. आपला ४१२२०७ हा क्रमांक एकट्या वाघोलीचाही नाही. शेजारची केसनंदसारखी गावेही त्यात येतात. वाघेश्वराच्या देवळाभोवती गाव होते तेव्हा पोस्टमनची ओळख पुरत होती. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्याच्या कितीतरी आधीपासून गाव देवळाला सोडून चहू दिशांना पसरले होते. त्या पसाऱ्यात एका माणसाची ओळख कोठवर पुरणार?

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने ‘डिजिपिन’ जाहीर केला. हैदराबादची आय.आय.टी. आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तो तयार झाला. त्याची रीत सोपी आहे. देशाच्या नकाशावर एक मोठा चौकोन कल्पिला, त्याचे सोळा भाग केले, प्रत्येक भागाला एक अक्षर किंवा आकडा दिला. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग. असे दहा वेळा. शेवटी जो चौकोन उरतो तो सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद असतो, आणि दहा चिन्हांत त्याची नेमकी जागा सांगता येते. खाणीवरच्या मजुराची खोली दहा फूट बाय दहा फूट असते. म्हणजे हा चौकोन त्या खोलीहून थोडाच मोठा झाला. बंगल्याला जसा क्रमांक आहे, तसाच त्या खोलीलाही आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे ही पद्धत विचारीत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्या दर हंगामात हलतात. परंतु क्रमांक जागेचा असल्याने ज्या फडाशेजारी त्या उभ्या राहतील तेथेही तो तयारच असतो. मला या योजनेचा खरा मोठेपणा यात दिसतो. शिवाय तिचे सूत्र सर्वांना खुले आहे. लंडनच्या एका खासगी कंपनीनेही तीन-तीन शब्दांचे पत्ते जगभर केले आहेत व ब्रिटनमधील रुग्णवाहिका ते वापरतात. परंतु ते सूत्र कंपनीच्या मालकीचे आहे. संकटसमयीचा पत्ता कोणाच्या मालकीचा असू नये.

तथापि, क्रमांक आकाशात असून भागत नाही, तो दारावर असावा लागतो. डिजिपिनची अक्षरे रोमन आहेत. खाणीवरच्या आईला ती वाचता येणार नाहीत, आणि तिच्याजवळ स्वतःची जागा शोधणारा महागडा फोनही नसेल. हे अंतर माणसांनीच भरून काढावे लागते. पुण्याच्याच शेल्टर असोसिएट्स या संस्थेने महाराष्ट्रातील गरीब वस्त्यांत दुसऱ्या एका खुल्या पद्धतीचे, ‘प्लस कोड’चे, क्रमांक घरांना दिले आहेत. अशा कामासाठी वस्तीत जावे लागते, दारोदार फिरावे लागते. आणि उंच इमारतींत राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, बारा मजल्यांना मिळून हा क्रमांक एकच असतो. मजला तोंडानेच सांगावा लागेल.

आता एका शंकेचा विचार करू. खाणीवरचा मजूर म्हणेल, ‘साहेब, नंबर लिहून घ्यायला माणूस येईल आणि मागाहून बुलडोझर येईल.’ ही भीती निराधार नाही. १८९७ साली प्लेगच्या वेळी रँडच्या समितीचे गोरे सोजीर पुण्यात घरोघर शिरले, ते रोगी शोधण्यासाठीच. त्या शोधाची दहशत लोकांच्या मनात प्लेगाइतकीच बसली. सरकारला माझे दार ठाऊक होणे हे वरदान ठरेल की आपत्ती, हे सरकार त्या दाराशी कशासाठी येते यावर अवलंबून असते. म्हणून माझी मागणी अशी की, क्रमांकासाठी मालकीचा, भाडेकराराचा अथवा रहिवासाचा कोणताही पुरावा मागू नये. आणि या क्रमांकाच्या आधारे कोणाचेही घर हटविले जाणार नाही, असा स्पष्ट ठराव महापालिकेने करावा.

दुसरी गोष्ट, पत्ता रोग्याला उचलून नेत नाही. घाना या देशाने २०१७ साली सर्व देशासाठी डिजिटल पत्ते सुरू केले. परंतु ३०७ नव्या रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या त्या २०२० च्या जानेवारीत. दोन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडे २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार करा, एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे येतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आत होता. नकाशा स्वस्त असतो, म्हणून सरकारांना तो आवडतो. गाडी, डॉक्टर आणि खाट यांना पैसा लागतो.

हा दयेचा प्रश्न नाही. पश्चिम बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडून जखमी झाला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. त्याच्या संघटनेने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैशाची अडचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही. मग माझा साधा प्रश्न असा की, वेळेवर उपचार हा हक्क असेल, तर वेळेवर सापडणे हाही हक्क नव्हे काय?

मोठ्या योजनेची वाट न पाहता आपण वाघोलीकर एक काम करू शकतो. खाणीलगतच्या प्रत्येक वस्तीत विजेच्या एकेका खांबावर त्या जागेचा डिजिपिन ठळक रंगवावा, आणि त्याखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहावा. तो फोनवर कसा सांगायचा, हे शाळेतील मुलांना शिकवावे. रात्री फोन बहुधा तीच करतात. खांबासाठी लागणारी परवानगी आपण मिळून मागू, आणि नियंत्रण कक्षाने हा क्रमांक स्वीकारावा म्हणून निवेदन देऊ. मी माझ्यापुरते सांगतो, रविवारी सकाळी रंगाचा डबा घेऊन मी त्या पत्र्याच्या खोल्यांपासून सुरुवात करणार आहे.

प्लेगच्या त्याच १८९७ साली, येथून जवळच असलेल्या मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरच्या ससाणे मळ्यातील दवाखान्यात चालत गेल्या, आणि त्याच साथीने त्या गेल्या. त्या मुलाचे घर कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, कारण गावकुसाबाहेर त्यांचे जाणे-येणे होते. आपले जाणे-येणे आज त्या खाणीकडे नाही. रविवारी ते सुरू करावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.