नातवंडाची शस्त्रक्रिया आणि घरातील वडीलधारी माणसे



मोठ्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर सकाळपासून चार माणसे बसलेली असतात. आत पाच महिन्यांच्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू असते. बाकावर बाळाचे आईवडील असतात आणि त्यांच्या शेजारी आजी-आजोबा. शल्यचिकित्सकांचे काम ठरलेले असते, परिचारिकांचेही ठरलेले असते. सहीसाठी बाळाच्या वडिलांना बोलावतात, दुधासाठी आईला बोलावतात. आजी-आजोबांना मात्र कोणी बोलावीत नाही. देवाचे नाव घेत बसण्यापलीकडे आता आपल्या हाती काही उरलेले नाही, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हृदयावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासात कुटुंबाच्या आधाराचे एक विलक्षण उदाहरण आहे. हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करावयाचा, तर तेवढा वेळ हृदयाचे व फुप्फुसांचे काम दुसऱ्या कोणीतरी करावयास हवे. लहान बाळांसाठी भरवशाचे यंत्र १९५४ साली नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी २६ मार्च १९५४ रोजी सुमारे वर्षाच्या एका बालकाच्या हृदयातील छिद्र बंद केले. त्या वेळी बालकाच्या वडिलांना शेजारच्या मेजावर निजवून दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या होत्या. बालकाचे अशुद्ध रक्त वडिलांच्या शरीरात जाई आणि शुद्ध होऊन परत येई. ते बालक पुढे काही दिवसांनी न्यूमोनियाने दगावले. परंतु याच पद्धतीने एकूण ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी २८ जण बरे होऊन घरी गेले. १९५५ पासून हे काम यंत्राकडे गेले. आज कोणाही पित्याला असे मेजावर निजावे लागत नाही. तथापि घरातील मोठ्या माणसांनी आपले बळ बाळाच्या मागे उभे करावयाचे असते, ही गोष्ट त्या दिवसाइतकीच आजही खरी आहे.

मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातले असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन जनावरे, मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि पाच महिन्यांची नात. नात अंगावर पिताना लवकर दमते, तिच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, सर्दी-खोकला सारखा छातीत उतरतो. अशा घरात हे बहुधा प्रथम आजीच्याच लक्षात येते. कारण तिने आणखी बाळे हाताळलेली असतात. दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांच्या हृदयात जन्मतःच काही दोष असतो. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, काहींना औषध पुरते, तर काहींना वेळेवर शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्या नातीचे छिद्र यांपैकी कोणते, हे तपासणीनेच कळते. म्हणून ‘दात येताहेत, होईल बरे’ असे म्हणून दिवस ढकलू नयेत. ओठ किंवा नखे निळसर दिसू लागली तर एक दिवसही थांबू नये. गावात आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमातील वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि दोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवितात.

निदान झाले की घरात पहिला प्रश्न उठतो तो दोष कोणाचा, हा. सुनेने ग्रहणात भाजी चिरली असेल, दिवस असताना जड उचलले असेल, तिच्या माहेरीच काही असेल, अशी कुजबुज सुरू होते. ग्रहणाचा आणि हृदयातील छिद्राचा काडीमात्र संबंध नाही. गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे नीट कळण्यापूर्वीच, बाळाचे हृदय आकार घेऊ लागते. गर्भारपणात होणारा रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, गुणसूत्रांतील दोष, क्वचित जवळच्या नात्यातील विवाह ही काही कारणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. पण बहुसंख्य बालकांच्या बाबतीत एकच एक कारण दाखविता येत नाही. आई तर आधीच मनातल्या मनात स्वतःला दोषी धरीत असते. तिच्या जेवणावर, झोपेवर आणि पर्यायाने दुधावर त्याचा परिणाम होतो. अशा वेळी सासूने चारचौघांदेखत ‘तुझं काही चुकलं नाही, पोरी; तू आधी जेवून घे’ एवढे म्हटले, तर शेजारणींची कुजबुज तेथल्या तेथे थांबते. हे म्हणण्याचा अधिकार घरात तिच्याइतका दुसऱ्या कोणाला नसतो.

दुसरा प्रश्न खर्चाचा. येथे आजोबांचा शब्द महत्त्वाचा ठरतो. धास्तीच्या भरात रान गहाण टाकण्याची, दागिने मोडण्याची किंवा सावकाराकडे जाण्याची घाई होते. त्यापूर्वी चौकशी करावी. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालते. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचाही तीत समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. शिधापत्रिका, आईवडिलांची ओळखपत्रे आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन प्रथम त्याला भेटावे. ही कागदपत्रे एका पिशवीत नीट ठेवून ती सदैव जवळ बाळगण्याचे काम आजोबांनी पत्करावे. मुलाच्या डोक्यावरचा तेवढा भार हलका होतो.

नात असली म्हणजे आणखी एक शंका डोके वर काढते. मुलीच्या छातीवर व्रण राहील, पुढे लग्नाचे कसे होईल, या विचाराने मुलींच्या शस्त्रक्रिया लांबणीवर टाकल्या गेल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. नातवासाठी जे रात्री अकरा वाजता गाडी जोडून निघाले असते, ते नातीसाठी ‘सुगी झाल्यावर पाहू’ म्हणतात. व्रण कपड्याखाली झाकतो. गेलेला वेळ मात्र भरून येत नाही. उशीर झाल्यास फुप्फुसांवरील दाब इतका वाढू शकतो की, पुढे शस्त्रक्रियाच करता येत नाही.

रुग्णालयात किती जणांनी जावयाचे, हे घरीच ठरवावे. सगळे घर उठून शहरात गेले, तर गोठा आणि चार वर्षांचा नातू दोन्ही उघड्यावर पडतात. तो नातू लहान असला तरी घरातील चेहरे वाचतो. बाळाला कोठे नेले, आई का येत नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो रात्री दचकून उठतो. त्याला खरे, पण त्याच्या बेताने सांगावे आणि रोज एकदा आईशी फोनवर बोलू द्यावे. येथे विहीणबाईंचीही मदत घ्यावी. एका आजीने रुग्णालयात राहावे व दुसरीने घर सांभाळावे. दोघींतील मानपानाचे हिशेब त्या महिन्यापुरते बाजूला राहिले, तर कोणाचेच काही उणे होत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आजीच्या मायेची खरी परीक्षा पाहणारा असतो. भूल देण्यापूर्वी बाळाचे पोट रिकामे असावे लागते. सामान्यतः आईचे दूध चार तास आधी, वरचे दूध सहा तास आधी आणि नुसते पाणी दोन तास आधी बंद करतात. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील तीच धरावी. बाळ भुकेने रडू लागते. ते रडणे आजीला ऐकवत नाही. चमचाभर साखरपाणी, बोटाला लावून मध, थोडी गुटी, एवढ्याने काय होणार, असे तिला वाटते. परंतु भुलेत पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेले, तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. मध तर वर्षाच्या आतील बाळाला एरवीही देऊ नये. म्हणून त्या रात्री रडत्या नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालाव्यात, आईला जरा वेळ पडू द्यावे; पण बाळाच्या ओठांना काहीही लावू नये. चुकून काही दिले गेलेच, तर रागावतील म्हणून लपवू नये. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे जाईल, एवढेच.

शस्त्रक्रियेसाठी रक्त लागते. ‘माझे सगळे रक्त काढा, पण नातीला वाचवा,’ असे आजोबा म्हणतात. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे; पण पासष्ट वर्षांवरील व्यक्तीचे रक्त घेत नाहीत आणि रक्ताच्या नात्यातील माणसाचे रक्त त्याच बाळाला देणेही डॉक्टर शक्यतो टाळतात. रक्त विकत देण्याघेण्यास देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. तेव्हा आजोबांनी गावातील धडधाकट तरुणांना स्वेच्छेने रक्तदानाला प्रवृत्त करावे. त्यांच्या शब्दाला गावात मान असतो, तो येथे उपयोगी पडतो.

शस्त्रक्रियेनंतर बाळ अतिदक्षता विभागात असते. नळ्या, तारा, सुजलेला चेहरा हे दृश्य पाहून आजीचा धीर सुटणे साहजिक आहे. रडू आले तर बाहेर येऊन रडावे. बाळाच्या आईसमोर ‘काय ही लेकराची दशा’ असे म्हणू नये. आत एकालाच सोडत असतील, तर तो मान आईला द्यावा. बाळ पीत नसले तरी आईने ठरावीक वेळाने दूध काढीत राहणे आवश्यक असते, अन्यथा ते आटते. ही आठवण करून देणे, गरम जेवणाचा डबा आणणे आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनला स्वतः उत्तर देणे ही कामे वडीलधाऱ्यांनी आपणहून उचलावीत.

घरी आल्यावर काही दिवस जुन्या सवयींना आवर घालावा लागतो. छातीचे हाड सांधून येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. तोपर्यंत बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली आणि एक हात ढुंगणाखाली घालून उचलावे. जखमेवर हळद, तेल, राख काहीही लावू नये. मालीश डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करावी. भेटीला येणाऱ्यांना हात धुतल्याशिवाय बाळाजवळ जाऊ देऊ नये. सर्दी-खोकला असलेल्यांना ओसरीवरूनच निरोप द्यावा. हे सुनेने सांगितले तर उद्धटपणा ठरतो, आजीने सांगितले तर कोणी मनावर घेत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आज अशा बहुतेक शस्त्रक्रिया यशस्वी होत असल्या, तरी सर्वच होत नाहीत. काही घरांना रिकाम्या हातांनी परतावे लागते. अशा घरात ‘उगाच कापाकापी केली’ हे वाक्य कधीही उच्चारले जाऊ नये. निर्णय सर्वांनी मिळून घेतला होता, हे आजोबांनी त्या दिवशीही आणि वर्षांनंतरही ठामपणे सांगावे. तरुण आईबापांना पुढील आयुष्य काढावयाचे असते. त्यांच्यावर दुःखाचे ओझे असतेच, त्यात अपराधाची भर पडू देऊ नये.

बाळाला आई सांभाळते. पण त्या दिवसांत आईला आणि तिच्या नवऱ्याला कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न रुग्णालयाच्या कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. त्याचे उत्तर बाहेरच्या बाकावर, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असते. आपल्याला कोणी बोलावीत नाही, म्हणून आपले काम नाही, असे त्या दोन वृद्ध जिवांनी मुळीच समजू नये.