बस्ता बांधणाऱ्याचा पगार

(व्यापारी आणि दुकान-कर्मचाऱ्यांच्या जिल्हास्तरीय परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



तुळशीचे लग्न लागले की नगरच्या कापड बाजारात बस्त्यांची गर्दी सुरू होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडून गाड्या भरून माणसे येतात. नवरीचे आईवडील, दोन मामा, एक आत्या, शिवाय न विचारून चालणार नव्हते म्हणून विचारलेली एक चुलती. दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेला सेल्समन पहिला प्रश्न विचारतो तो साडीचा नसतोच. मुलीकडचे की मुलाकडचे, एवढेच तो विचारतो आणि पुढचा सगळा हिशोब मनातल्या मनात मांडतो. शालू, साखरपुड्याची साडी, हळदीची साडी, मानपानाच्या साड्या, करवल्यांचे कपडे, आहेराचे टॉवेल-टोपी, फेटे. कुणाची साडी कुणापेक्षा उजवी दिसता कामा नये हे त्याला कळते. खिशाचा अंदाज तो न विचारता घेतो. आत्याबाई रुसल्या तर चहा मागवतो आणि मघाशी नापसंत झालेल्या रंगातलीच दुसरी साडी अशी उलगडतो की ती नवीनच वाटावी.

तीन-चार तासांनी बस्ता बांधला जातो, नारळ फुटतो, मंडळी निघतात. गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग उरतो. प्रत्येक साडी मूळ घडीवर बसवायची, पदर आत, काठ बाहेर, आणि पुन्हा त्याच्या त्याच्या कप्प्यात. ते होईतो दुसरा बस्ता जिना चढत असतो. डबा दुपारी चारला उघडतो, कधी उघडतही नाही.

आता या माणसाचा पगार. सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत कामगारांचे तीन वर्ग असतात : कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. एका बैठकीत अख्ख्या लग्नाची खरेदी तडीस नेणारा हा गृहस्थ यांपैकी कोणत्या वर्गात बसतो, असे दहा दुकानांत विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही, कारण तशी नोंदच नसते. महिन्याचा आकडा तोंडी ठरलेला असतो. त्यातून उचल वजा होते, खाडे वजा होतात आणि उरलेले हातावर पडते. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि शेठच्या मर्जीनुसार काही रक्कम मिळते. वर्षानुवर्षे असे चालले आहे आणि त्यात शेठला काही वावगे वाटत नाही. पुष्कळदा कामगारालाही वाटत नाही.

कापड बाजारातून मार्केट यार्डात गेले की वेगळेच चित्र दिसते. तिथे पाठीवर पोते घेणारा हमाल शिक्षणाने या सेल्समनपेक्षा बहुधा कमीच. पण त्याच्या मागे १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी कामगारांना उभे केले, डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, आणि नगरलाही हमाल पंचायत उभी राहिली. कायद्याने माथाडी मंडळे नेमली. नोंदीत हमालाची मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार निघतो. हमाल एका दुकानाचा नोकर नाही, आज याचा माल उतरवतो, उद्या त्याचा. तरीही त्याच्या घामाचा हिशोब लागतो. त्याने दारात आणून टाकलेले पोते फोडून किलो-अर्धा किलोची पुडकी बांधणारा आतला मुलगा मात्र पंधरा वर्षे एकाच गल्ल्यासमोर उभा असतो आणि त्याच्या नावाने एक कागद सापडत नाही. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, थकलेल्या लेव्हीची भांडणे आहेत, हे खरे. पण भांडायला कागद लागतो आणि तो हमालाकडे आहे.

दुकानदार यावर म्हणतात, आमचे दुकान लहान, चार माणसांचे, आम्हाला कायदा लागू नाही. हे अर्धे खरे आहे आणि या अर्ध्या खऱ्याने फार नुकसान केले आहे. आपण ज्याला शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता कायदा म्हणतो, तो मुंबई प्रांतात १९३९ साली आला, १९४८ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने तो पुन्हा बदलला. त्या बदलात दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला फक्त सूचना देण्याचे बंधन उरले. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट दर या तरतुदी दहा आणि त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनांपुरत्या राहिल्या. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर नेली आणि दिवसाचे तास नवाचे दहा केले. भविष्यनिर्वाह निधी आणि बोनसच्या कायद्यांनाही वीस माणसांची अट आहेच. कापड बाजार, मोची गल्ली, दाळमंडई, चितळे रोड इथली किती दुकाने वीस माणसांची आहेत, हे या सभागृहाला सांगायला नको.

पण किमान वेतनाला अशी मर्यादा कधीच नव्हती. ‘दुकाने व वाणिज्यिक आस्थापना’ हा महाराष्ट्रात किमान वेतनाच्या यादीतला उद्योग आहे, आणि दुकानात एकच माणूस कामाला असला तरी तो दर लागू होतो. महापालिका आणि छावणीची हद्द पहिल्या परिमंडळात, नगरपालिकांची दुसऱ्यात, बाकीचा भाग तिसऱ्यात. म्हणजे नगर शहर, भिंगार यांना एक दर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावला दुसरा, खेड्यातल्या किराणा दुकानाला तिसरा. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि महागाईच्या निर्देशांकानुसार तो दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिनेही ही सूट दिलेली नाही. १९८२ मध्ये एशियाड प्रकल्पांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगारी होय. शब्द कडक आहे. पण तो न्यायालयाचा आहे, कुठल्या युनियनच्या पत्रकातला नाही.

हे किमान वेतन काढतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने निकष ठरवले : कमावणारा एक आणि घरात खाणारी तीन माणसांइतकी तोंडे, प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांकांचे अन्न, घरभाडे, इंधन-दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला वेतनाचा पाचवा हिस्सा, आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड. कापडाच्या दुकानातल्या माणसाने हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. रोज शेकडो वार दुसऱ्यांसाठी मोजताना त्याचे स्वतःचे ७२ वार कुठल्या तरी सरकारी कागदावर मोजून ठेवलेले आहेत. पुढे १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात आणखी पंचवीस टक्क्यांची भर सांगितली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी. म्हणजे दुसऱ्यांचे बस्ते बांधणाऱ्याच्या घरीही कधीतरी बस्ता बांधावा लागतो, हे न्यायालयाने हिशोबात धरले आहे. आणि हे किमान झाले. १९४८ च्या न्याय्य वेतन समितीने किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. आपण अजून पहिल्या पायरीखाली उभे राहून दुसरीची चर्चा करतो आहोत.

व्यापाऱ्यांची बाजू ऐकल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. दुकानाचे भाडे चढले, वीजबिल चढले, उधारी वसूल होत नाही, सावेडीत आणि मनमाड रोडला मोठी दालने झाली, पोरे मोबाइलवर साडी मागवतात. हे सगळे खरे आहे. या खर्चांपैकी भाडे कमी करता येत नाही, वीज कमी करता येत नाही, म्हणून कात्री माणसाला लागते. पण त्याच व्यापाऱ्याची दुसरी तक्रार ऐकावी : माणसे टिकत नाहीत, शिकवून तयार केला की पलीकडच्या दुकानात जातो, मन लावून काम करत नाही. या दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मान्य करायला आपला व्यापारी अवघडतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले की, पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण केवळ पगार वाढवल्याने तो कामात रमत नाही. रमण्यासाठी जबाबदारी, कौतुक, पुढे जाण्याची वाट लागते. आपल्याकडे या विचाराचा दुसरा अर्धा भाग फार लवकर उचलला गेला. ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून फोटो लावायचा आणि पगार तोच. पहिला अर्धा भाग न भरता दुसरा चालत नाही. झेनेप टॉन या अभ्यासक महिलेने २०१४ च्या आपल्या पुस्तकात स्पेनच्या मर्काडोना, अमेरिकेच्या कॉस्टको अशा दुकानांचा दाखला देऊन दाखवले की, स्वस्त माल विकणारे दुकानही चांगला पगार देऊ शकते. अट एकच, की काम नीट बांधलेले हवे. वस्तूंचे प्रकार आटोपशीर, एका माणसाला दोन-तीन कामे येणारी, आणि गर्दीच्या वेळी पुरेशी माणसे. स्पेनचे सुपरमार्केट आणि नगरचे साडीचे दुकान यांत अंतर आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको. तरी हिशोब करून पाहायला हरकत नाही. समजा, सहा माणसांच्या दुकानाने प्रत्येकाला दोन हजार रुपये वाढवले. महिन्याला बारा हजारांचा बोजा. विक्रीवर वीस टक्के सुटतात असे धरले, तर साठ हजारांच्या जादा विक्रीत तो निघतो. मुरलेला सेल्समन दुकान सोडून जातो तेव्हा त्याच्या ओळखीची किती घराणी त्याच्यामागे पलीकडच्या दुकानात जातात, हा आकडा मालकाला तोंडपाठ असतो. तो या हिशोबाशेजारी ठेवावा.

बायकांचा प्रश्न वेगळा काढून सांगितला पाहिजे. साडी, सराफी, सौंदर्यप्रसाधने या काउंटरांवर आता मुली आहेत. त्या सकाळपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभ्या असतात. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा अलिखित नियम. जुन्या बाजारपेठेत स्वच्छतागृह शोधावे लागते, म्हणून त्या पाणी कमी पितात, आणि त्याचे परिणाम डॉक्टरांना माहीत आहेत. केरळात कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने ‘पेणकूट्ट’ ही संघटना काढली आणि बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे भांडण केले. २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात दुरुस्ती करून तो हक्क लिहून दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. स्टूल ठेवण्यासाठी विधानसभेला कायदा करावा लागतो, याची लाज कुणाला वाटायला हवी ते सभेने ठरवावे. स्टूल चार-पाचशे रुपयांना मिळते. त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.

प्रस्तुत वक्त्याचे मागणे मोजकेच आहे. येत्या पाडव्यापासून प्रत्येक दुकानाने आपल्या माणसांना महिन्याची पगारचिठ्ठी द्यावी. तिच्यावर वर्ग, मूळ वेतन, विशेष भत्ता, उचल आणि खाडे वेगवेगळे लिहावेत, आणि पगार खात्यात जमा करावा. आठवड्याची सुट्टी पाळीपाळीने, पण लेखी द्यावी. काउंटरमागे बसायला जागा करावी. बाजारपेठेच्या संघटनांनी दर जानेवारीत आणि जुलैत किमान वेतनाचे नवे दर आपल्या कार्यालयाबाहेर लावावेत आणि महिलांच्या स्वच्छतागृहासाठी महापालिकेकडे एकत्र जावे. कर्मचाऱ्यांनी आपल्या परिमंडळाचा दर विचारावा. तो कामगार आयुक्त कार्यालयाकडून कुणालाही मिळतो, फी लागत नाही. दर माहीत झाल्यावर तो आपल्या चिठ्ठीशी ताडून पाहावा आणि फरक असेल तर आधी शेठशी बोलावे, नंतर कार्यालयात जावे. दुकान चार माणसांचे असो की एका माणसाचे, तो दर तिथे लागू आहे.