टाको पफ, पाकिटाविना

टाको या मेक्सिकन पदार्थाच्या चवीचे पफ घरी करायला मसाल्याचं तयार पाकीट लागतंच असं नाही. त्यात मुख्यतः जिरेपूड, लाल तिखट, लसूण आणि ओरेगॅनो असतं. जिरं स्पॅनिशांनी मेक्सिकोत नेलं, मिरची तिकडूनच आपल्याकडे आली; म्हणजे मसाले ओळखीचेच. ‘मग हा समोसाच की!’ असं कुणी म्हणेल. पण यात गरम मसाला नाही, आणि आंबटपणा लिंबाचा. खरी गोम आहे सारणाच्या ओलाव्यात. शिजवलेला राजमा किंवा खिमा, वरचे मसाले घालून, कढईच्या तळाशी पाणी दिसेनासं होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. गरम सारणाने पफ शीटमधलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं, मग पापुद्रे सुटत नाहीत. शीटमध्ये सारण भरून कडा काट्याने दाबा, वर दोन टोचे मारा. तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर साधारण 20 मिनिटं पुरतात.