बांगडी 'वाढली' म्हणजे काय?



आपण देवापुढं नारळ फोडतो, पण 'फोडला' म्हणत नाही, 'वाढवला' म्हणतो. घरातून निघताना 'जातो' नाही, 'येतो'. रात्री सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणतो. त्यात वाईट काही नाही. अशुभ बोलू नये एवढाच भाव. आम्हीबी जन्मभर तसंच बोलत आलो.

पण आमचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा दारात कुणीतरी म्हणालं, "तिच्या बांगड्या वाढवा." आम्ही थोरले, मान हलवली. दगडावर हात आपटला, मनगटातनं रक्त आलं. वाढलं काय हो त्यात? 'फोडा' म्हटलं असतं तर आमची मान हलली असती का, कुणास ठाऊक. पुढं लग्नपत्रिकेत तिच्या नावाआधी 'गं. भा.' छापलं. गंगाभागीरथी! नाव गंगेचं, मग बोलणार कोण?

२०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ही चाल बंद करायचा ठराव केला. आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतोय, आमच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं.

दिंडीत भावजयीला सगळे 'माऊली'च म्हणतात. डोक्यावर तुळस तिच्याच असते. औंदा पंढरपुरात तिनं कासाराकडं हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे आम्ही दिले.